तीस पुंगळ्या

लळिंग घाटाच्या अलीकडे, डोंगराला पाठ टेकून
आमचा फायरिंग बट. सकाळचे साडेसात,
मुरूम तापायला लागलाय. लाल झेंडा वर चढला
तशी टिटवी ओरडत उठली. तिला झेंडा कळतो.

पेटी उघडली तेव्हा वास आला
नव्या फ्रीजच्या थर्माकोलसारखा.
धुडकू जमादारांनी एकेक पिस्तूल तेलकट कागदातून सोडवून
फडक्यावर मांडलं, आहेरातलं भांडं मांडतात तसं,
कोरलेला नंबर वर.
"अर्धं लोखंड, अर्धं प्लास्टिक," मागून कोणी म्हणालं,
"आमच्या पोराकडे आहे असलं. पाण्याचं."
हसलो. मग हातात आलं आणि हसू थांबलं.

जुन्याची मूठ माझ्या हातात कधी मावलीच नाही.
बारा वर्षं मी ती बोटांनी कमी,
समजुतीनं जास्त धरली.
ह्याच्या मुठीचा पाठीमागचा तुकडा बदलता येतो:
लहान, मध्यम, मोठा.
जमादारांनी पिन ठोकून काढली, लहान बसवला.
बारा वर्षांत पहिल्यांदा
सरकारनं माझ्या पंजाचं माप विचारलं.
"हाई हलकी शे माय," ते म्हणाले,
"पन इले हलकी समजू नको."

कानात कापूस, मावसभावाच्या शेतातला.
एक सरकी राहून गेलेली, ती टोचते.
मॅगझिन आत: टक्. स्लाइड मागे, सोडली.
समोर कागदी माणूस.
त्याला चेहरा नाही, बरं आहे.

पहिली गोळी डावीकडे, खाली.
चूक माझी. जुन्याचा चाप ओढणं म्हणजे
अडलेला रहाट ओढणं; बोट त्याच तयारीनं आलं
आणि इथे दार आधीच उघडं.

दुसरी, तिसरी. धक्का खांद्यापर्यंत पोचतच नाही,
मनगटात विरतो. चाप जरासा सोडला
की बोटाला बारीक 'कट्' लागतं,
तिथूनच पुढची गोळी तयार.
दहाव्या गोळीला मी त्या 'कट्'ची वाट पाहू लागले.
ते मला आवडू लागलं.
आणि ते आवडलेलं मला आवडलं नाही.

जुनं अडायचं.
एका रात्री पारोळा रोडला नाकाबंदीत
टेम्पोमागून एक सावली धावत आली, हातात लोखंड.
मी चाप ओढत होते. तो जड होता.
तेवढ्या जडपणात लोखंडाचा पाना झाला,
सावलीचा क्लीनर झाला, म्हणाला,
"मॅडम, जरा बॅटरी दाखवा, टायर बसलंय."
हे नवं तेवढा वेळ देईल का,
हे टार्गेटवर कळत नाही.

दुसरं मॅगझिनही संपलं. स्लाइड मागेच थांबली,
तोंड उघडं ठेवून.
"वळवी, तीसपैकी सत्तावीस!"
बाकीचे कागदाच्या भोकांत बोट घालून पाहतात.
मी नाही घातलं.

जमादार पुंगळ्या मोजतात
किराणावाला उधारी मोजतो तसे, ओठ हलवत.
एकोणतीस.
पुन्हा. एकोणतीस.
एक पुंगळी म्हणजे तीन कागद, दोन सह्या, एक खुलासा.
मग अख्खी रांग कमरेत वाकली,
भुईमूग काढल्यावर राहिलेल्या शेंगा वेचतात तशी.
साहेबसुद्धा, टोपी काखेत मारून.
टिटवी परत आली आणि
आम्हाला अंडीचोर समजून डोक्यावर घिरट्या घालू लागली.

मघापासून काहीतरी जळल्याचा वास येत होता.
मी म्हणत होते, नवी दारू असेल.
वाकले तसा अंबाडा सैल झाला
आणि तिसावी पुंगळी
माझ्या केसांतून मुरमावर पडली.
"सापडनी!" जमादार ओरडले.

उचलली. अजून कोमट होती.
की माझ्याच डोक्यानं
तिला निवू दिलं नव्हतं.